नुब्राची वाट चाऱ्यावर चालायची

ऑगस्ट संपता संपता नुब्रा खोऱ्यातल्या सुमूर, तेगर, पनामिक या गावांतून गेलं, की घरांच्या सपाट छपरांवर लसूणघास वाळत टाकलेला दिसतो. लडाखीत त्याला ‘ओल’ म्हणतात. पर्यटकांच्या गाड्या त्याकडे न बघता हुंदरच्या उंटांकडे निघून जातात. लेहहून काराकोरम ओलांडून यारकंदला (आज हे शहर चीनच्या शिनजियांग प्रांतात आहे) जाणारा जुना व्यापारी मार्ग मात्र या घासावर आणि इथल्या सातूवर चालत होता. त्या वाटेवरच्या रेशमाबद्दल, चरसबद्दल, हेर आणि संशोधकांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. जनावरं काय खात होती, हे फारसं कुणी सांगत नाही. ते कळल्याशिवाय ही गावं आहेत तिथे का आहेत आणि एवढ्या दुर्गम जागी श्रीमंत का झाली, हे उमगत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

आधी जागा समजून घेऊ. लेहच्या उत्तरेला लडाख रांग आहे आणि तिच्यापलीकडे काराकोरम. या दोन रांगांमध्ये दोन नद्या आहेत. नुब्रा नदी सियाचिन हिमनदीतून निघते आणि उत्तरेकडून खाली येते. श्योक पूर्वेकडून येते. दोघींचा संगम दिस्कितजवळ होतो, आणि पुढे श्योक वायव्येला वळून हुंदर, तुर्तुकवरून बाल्टिस्तानात शिरते व शेवटी सिंधूला मिळते. संगमाजवळ पात्र इतकं रुंद आहे की त्यात नदीचे अनेक फाटे विणल्यासारखे पसरतात आणि मधे वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. या मुख्य नद्यांचं पाणी शेतीच्या फारसं कामाचं नाही. उन्हाळ्यात पूर येतो, पाणी गाळाने भरलेलं असतं आणि प्रवाह दरवर्षी जागा बदलतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक गाव बाजूच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी, त्याने आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यावर वसलं आहे. ओढ्याचं पाणी कालव्यातून (त्याला ‘युरा’ म्हणतात) शेतात येतं. रात्रीचं पाणी ‘झिंग’ नावाच्या तळ्यात साठवतात आणि कुणाला कधी पाणी द्यायचं हे गावाने नेमलेला ‘छुरपोन’ ठरवतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० ते ३,२०० मीटर उंची, म्हणजे लेहपेक्षा तीनेकशे मीटर कमी. त्यामुळे हवा जरा उबदार, हंगाम जरा लांब, आणि पीक लेहपेक्षा चांगलं.

लेह ते यारकंद हे अंतर साधारण ७५० ते ८०० किलोमीटर. लादलेल्या जनावरांना महिन्याहून अधिक दिवस लागत. वाटेत पाच मोठ्या खिंडी: खार्दुंग ला, सासेर ला, काराकोरम, सुगेत आणि सांजू. नकाशावर काराकोरम खिंडीचं नाव मोठं दिसतं, पण पाचांत तीच सर्वात सोपी. उंची साडेपाच हजार मीटरच्या थोडी वर, पण चढ संथ, बर्फ कमी, हिमनदी नाही. माणसं आणि जनावरं मरत ती तिच्या अलीकडे आणि पलीकडे, कारण तिथे खायला काही नव्हतं.

पनामिक सोडून वर सासोमा, चांगलुंगकडे वाट चढू लागली, की शेती संपते. सासेर ला ओलांडून श्योकच्या काठावरच्या सासेर ब्रांग्सा या मुक्कामापर्यंत कुठे कुठे थोडं गवत मिळे. पुढे मुर्गो, बुर्त्से, किझिल लंगर, मग पाच हजार मीटरच्या वरचं देप्सांग पठार, दौलत बेग ओल्डी, काराकोरम खिंड आणि पलीकडची उतरण. सुगेत ओलांडून शाहिदुल्लाच्या बाजूला पोचेपर्यंत आठ-दहा मुक्काम चारा जवळजवळ नाहीच. काही टप्प्यांवर बुर्त्से नावाचं खुरटं झुडूप मिळे. त्याची लाकडासारखी मुळं खणून काढून जाळत, म्हणजे चहा-सत्तूची सोय होई. घोड्याचं पोट त्याने भरत नाही.

आता हिशेब मांडू. या भागातला सामानाचा घोडा तीनशे किलोच्या आसपासचा धरा. घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे सहा किलो. दहा दिवसांचे साठ किलो. डोंगरात तो सुमारे शंभर किलो ओझं नेतो असं मानलं, तर स्वतःचा चारा वाहून झाल्यावर मालासाठी उरतात चाळीस किलो. चार टन माल पलीकडे न्यायचा तर शंभर घोडे लागतील. इतक्या घोड्यांच्या भाड्यात कुठलाही माल परवडणार नाही.

उपाय एकच: चारा कमी करून धान्य द्यायचं. रोज दोन किलो सातू दिला तर दहा दिवसांचे वीसच किलो होतात आणि तोच माल पन्नास घोड्यांत जातो. पण नुसत्या धान्यावर घोडा टिकत नाही. गवताविना दिलेल्या धान्याने पोटशूळ उठतो, आणि दोन किलोत त्याची भूकही भागत नाही. तो रोज अंगावरचं मांस जाळून चालतो. म्हणजे ते मांस आधी अंगावर चढलेलं हवं. ही जागा नुब्रा. जाणारे काफिले इथे थांबून जनावरांना लसूणघास आणि सातू घालून तयार करत, पुढच्या वाटेसाठी धान्याच्या गोण्या भरत आणि मगच सासेरकडे निघत. उलट दिशेने आलेले काफिले हाडं निघालेली जनावरं घेऊन याच गावांत उतरत आणि ती पुन्हा उभी राहीपर्यंत मुक्काम करत. दोन्ही वेळा पैसा गावकऱ्यांच्या हातात येई. पनामिकचे गरम पाण्याचे झरेही या थांब्याचाच भाग होते. थकलेल्या माणसांना आंघोळ आणि शेक तिथे मिळे.

बारीक झालेल्या घोड्याचा आणखी एक धोका आहे, आणि घोड्यांशी काम केलेल्या कुणालाही तो लगेच कळेल. खोगीर भरलेल्या पाठीला बेतलेलं असतं. मांस उतरलं की ते हलू लागतं, कण्यावर टेकतं, घासतं आणि जखम होते. जखम झालेल्या पाठीवर ओझं ठेवता येत नाही, म्हणजे त्या घोड्याचा माल उरलेल्यांवर वाटायचा. मग त्यांच्याही पाठी सोलतात. एका घोड्यापासून सुरू झालेली ही साखळी आठवडाभरात अख्खा काफिला अडवू शकत असे. दोन्ही बाजूंच्या गोण्यांचं वजन सारखं असणं इथे फार महत्त्वाचं. पाच किलोचा फरकसुद्धा चढावर खोगीर एका बाजूला ओढतो. उंचीचा त्रास जनावरांनाही होतोच. घोडा धापा टाकत उभा राहिला की त्याच्या नाकपुडीला टोचून रक्त काढायची पद्धत होती. त्याने काही उपयोग होत असेल असं मला वाटत नाही. थांबून घेतलेला श्वासच कामी येत असणार.

खार्दुंग लाची अडचण वेगळी. आज मोटार चढते ती खिंड पूर्वी उत्तरेकडच्या बर्फामुळे बदनाम होती. तिथे सामान घोड्यांवरून उतरवून याकवर चढवत आणि घोडे मोकळे नेत. याकचा खूर बर्फावर घोड्यापेक्षा चांगला धरतो. हिवाळ्यात ही खिंड बंद झाली की पूर्वेकडच्या दिगर लावरून जात. खाली उतरल्यावर उन्हाळ्यातली फुगलेली श्योक आडवी येई. सामान होडीतून आणि जनावरं पोहत, असं ते पार व्हायचं.

सासेर ला (सुमारे ५,४०० मीटर) मात्र सगळ्यांत वाईट. वाट हिमनदीवरूनच जाते. पहाटे बर्फ कडक असतो तेव्हा पाऊल ठरतं, दुपारी तोच भुसभुशीत होऊन घोडा पोटापर्यंत रुततो. रुतलेला, लादलेला घोडा वर काढायचा तर आधी ओझं सोडावं लागतं, आणि तोवर मागची सगळी रांग थंडीत उभी. म्हणून अंधारात निघून उन्हाआधी पलीकडे उतरायचं हा नियम. वादळ आलं तर पायथ्याशी थांबायचं. पण थांबलेल्या प्रत्येक दिवसाला चारा लागतो, आणि तो पुढच्या टप्प्यासाठी मोजून घेतलेला असतो. वाटेवरची हाडं अशा थांबलेल्या दिवसांची आहेत. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या बहुतेक प्रवाशांनी या हाडांची नोंद केली आहे. धुक्यात आणि बर्फात वाट ओळखायला त्यांचाच आधार होई.

सासेर टाळायचा एक मार्ग होता: हिवाळ्यात श्योकच्या पात्रातूनच वर जायचं. उन्हाळी वाटेला ताबिस्तानी आणि हिवाळी वाटेला झमिस्तानी म्हणत. थंडीत नदीचं पाणी उतरतं, बराच भाग गोठतो आणि पुन्हा पुन्हा पात्र ओलांडत वर सरकता येतं. पाय भिजणं, अर्धवट गोठलेला बर्फ फुटणं हे नित्याचं. वर चोंग कुमदान हिमनदी पुढे सरकून नदीचं पात्रच अडवत असे. तिच्यामागे तलाव साठे आणि बांध फुटला की खाली महापूर. १९२९ च्या ऑगस्टमधला असा पूर श्योकपासून थेट सिंधूच्या खोऱ्यापर्यंत जाणवला. पात्राला लागून गाव का वसवत नाहीत, याचं उत्तर यातही आहे.

मालाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. नुब्रातून सगळी पश्मिना यायची असं अनेकदा ऐकायला मिळतं. काश्मिरी शालींची बहुतांश पश्मिना लेहला चांगथांगच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून येई. उत्तरेच्या वाटेने तुर्फानकडची पश्मिना थोडीफार यायची. त्या वाटेचा मुख्य माल म्हणजे कच्चं रेशीम, नमदे, गालिचे, चांदी आणि मोठ्या प्रमाणावर चरस. तेव्हा तो कायदेशीर, कर भरून येणारा माल होता. इकडून सुती कापड, किनखाब, नीळ, मसाले, चहा, पोवळी जात. हा सगळा वजनाच्या मानाने महाग माल आहे, हे ध्यानात घ्या. वरचा चाऱ्याचा हिशेब पाहिला की धान्य किंवा मीठ या वाटेने इतक्या लांब का जात नसे हे समजतं. याच वाटेने यारकंदचे हाजीही येत आणि हिंदुस्थानातल्या बंदरांतून जहाजाने पुढे जात.

व्यापारी यारकंदी होते, काश्मिरी होते, आणि पंजाबातल्या होशियारपूरचे होते. घोडे बहुधा त्यांचे नसत. भाड्याने घोडे देणारे किरायाकश हा वेगळाच व्यवसाय होता. त्यात लेहचे अर्गोन, म्हणजे बाहेरून आलेले मुसलमान व्यापारी आणि लडाखी स्त्रिया यांचे वंशज, मोठ्या संख्येने होते. वाटेवरच्या जकातीचा आणि लुबाडणुकीचा प्रश्न सुटावा म्हणून १८७० मध्ये जम्मू-काश्मीरचे महाराजा रणबीरसिंह आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्यात करार झाला. जकात रद्द झाली, वाटेची देखरेख करायला लेहमध्ये दोन संयुक्त आयुक्त बसले, आणि वाटेवर रसदीची कोठारं ठेवायचं ठरलं. करारातसुद्धा चारा आणि धान्य आहेच. १९३० च्या दशकात शिनजियांगमधल्या उलथापालथीने व्यापार आटला आणि १९४९ नंतर सीमा बंद झाल्यावर थांबला. हुंदर आणि सुमूरचे दोन वशिंडांचे उंट त्या शेवटच्या काळात इथे राहिलेल्या जनावरांची पिढी आहे.

त्या वाटा आज पुन्हा वापरात आल्या आहेत, सैन्यासाठी. दारबुक ते दौलत बेग ओल्डी हा २५५ किलोमीटरचा रस्ता श्योकच्या काठाने वर जातो, म्हणजे बव्हंशी हिवाळी वाटेने. त्यावरच्या ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या पुलाला कर्नल छेवांग रिंचेन यांचं नाव आहे. ते सुमूरचे. १९४८ मध्ये नुब्राच्या बचावासाठी आणि १९७१ मध्ये तुर्तुकच्या लढाईसाठी, असं दोनदा महावीरचक्र त्यांना मिळालं. सासोमाहून सासेरकडे जाणारा रस्ता म्हणजे उन्हाळी वाट. या दोन्ही रस्त्यांचे वरचे भाग पर्यटकांना खुले नाहीत, तेव्हा सासेर किंवा देप्सांगला नेतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

जे खुलं आहे ते कसं पाहायचं, हे आता सांगतो.

विमानाने लेहला उतरलात तर दोन पूर्ण दिवस तिथेच काढा. पहिल्या दिवशी चढ-उतार नको, दारू नको, झोपेची गोळी नको. ॲसिटाझोलामाइड (बाजारात डायमॉक्स) घ्यायची असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मोठ्यांसाठी प्रतिबंधाचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. या मोकळ्या वेळात लेहच्या त्सास सोमा भागातलं मध्य आशियाई संग्रहालय बघून घ्या. काफिले पूर्वी तिथेच उतरत.

खार्दुंग ला ५,३५९ मीटर. वर जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं फोटोंत दिसतं, ते जास्तीचं आहे. खरी उंची सुमारे १७,५८० फूट. नुब्रात झोपायची उंची लेहपेक्षा कमी असल्यामुळे रात्रीचा त्रास सहसा होत नाही. त्रास होतो तो खिंडीवर रेंगाळल्याने. पंधरा-वीस मिनिटांत फोटो काढा आणि उतरा. कुणाला चालताना तोल जात असेल, बोलणं अडखळत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल तर थांबून वाट पाहू नका, तडक खाली न्या. लेहहून सकाळी लवकर निघा. दुपारनंतर बर्फ वितळून ओढे रस्त्यावर येतात आणि जूनपर्यंत खिंडीवर बर्फही पडू शकतो.

भारतीय नागरिकांना पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरून पावती जवळ ठेवावी लागते. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात लेह प्रशासनाचं संकेतस्थळ पाहा. ओळखपत्राच्या आणि पावतीच्या चार-पाच छापील प्रती ठेवा. चौक्यांवर मोबाइलला रेंज नसते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. इंधनाची टाकी लेहमध्येच भरा. दिस्कितला पंप आहे, पण त्याच्याच भरवशावर तुर्तुक आणि पनामिक दोन्ही करायला निघू नका. रोख पैसेही लेहहूनच घ्या.

बहुतेक सहली एक रात्र हुंदर आणि परत, अशा असतात. माझ्या मते हा खोऱ्यावर अन्याय आहे. तीन रात्री ठेवा. एक सुमूर किंवा तेगरला: तिथे समस्तानलिंग गोम्पा (बौद्ध मठ) आहे, नुब्राच्या जुन्या राजघराण्याचा झमस्खांग वाडा आहे आणि पनामिक जवळ पडतं. ही काफिल्याची मूळ बाजू, आणि इथे गर्दी कमी. गावातून पायी फिरा, युरा कुठून फुटतो आणि झिंग कुठे आहे ते शोधा. शेतात पाय घालू नका, कारण लसूणघास तुडवला गेला की कापणीला येत नाही. दुसरी रात्र दिस्कित-हुंदरला: १४२० च्या सुमाराचा गोम्पा आणि ३२ मीटर उंच मैत्रेय बुद्धाची मूर्ती. उंटांवर बसायचं की नाही तो तुमचा प्रश्न. पण जुलैत त्यांची लोकर गुठळ्यांनी झडत असते. ते आजारी नाहीत, दरवर्षी असंच होतं. पात्रातली काटेरी सी-बकथॉर्नची झुडपं त्यांचं आवडतं खाणं.

तिसरी रात्र तुर्तुकला. दिस्कितहून जवळजवळ ८५ किलोमीटर, अडीच ते तीन तास. हे बाल्टी गाव १९७१ च्या युद्धात भारतात आलं आणि २०१० मध्ये पर्यटकांना खुलं झालं. उंची आणखी कमी असल्याने इथे वर्षाला दोन पिकं निघतात: आधी सातू, आणि तो जुलैत कापला की त्याच शेतात बकव्हीट (कुट्टू). डोंगरातल्या फटींतून येणाऱ्या गार हवेवर बांधलेली दगडी ‘नांगचुंग’ कोठारं बघायला विसरू नका. उन्हाळ्यातही लोणी आणि मांस त्यांत टिकतं. जर्दाळू जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. सुके घ्यायचे असतील तर ‘फटिंग’ मागा, आणि दाबून पाहा: चिकट लागले तर पुरते वाळलेले नाहीत, परतीच्या प्रवासात बुरशी धरतील. ते गावातल्या घरांतून विकत घ्या. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

इथून पँगाँगला थेट जायचं असेल तर अघम–श्योक–दारबुक हा नदीकाठचा रस्ता आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारच्या पाण्याने तो तुटतो. आदल्या रात्री खालसर किंवा दिस्कितला चालकांकडे चौकशी करा, पहाटे निघा आणि श्योक गाव दुपारच्या आत मागे टाका. रस्ता बंद असेल तर वारी लावरून किंवा लेहला परतून जावं लागतं, म्हणून हातात एक जादा दिवस ठेवूनच हा बेत आखा.